ढगाळ दुपारची सावली

बुधवारी दुपारी धाकटा निघाला तो अगदी साध्या कामाला. वैमानिक तयार करणाऱ्या त्या केंद्रात, मोठ्या हॉलच्या मधोमध, लोखंडी पायांवर उभं असलेलं विमानाचं खोटं कॉकपिट होतं. सगळे त्याला डबा म्हणायचे. डब्यात बसायचं, आपण संगणकावर बनवलेलं, समोरच्या काचांवर दिसणारं ढगाळ आभाळ एकदा जमिनीपासून वरपर्यंत उडवून बघायचं आणि चार वाजता चहाला बाहेर यायचं, एवढंच काम. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅप्टनबाई तेच आभाळ तपासणार होत्या. पसंत पडलं तर पुढे सगळे वैमानिक त्या आभाळात शिकणार. नाही पडलं तर सहकारी उस्तादचं जुनं आभाळ परत लावायचं, असं ठरलं होतं.

तिथेच तर सगळी मेख होती. जुनं आभाळ आता कुठेच नव्हतं. धाकट्यानं स्वतःच्या हातानं ते पुसून टाकलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, असं कोण करतं? ज्याचं पोट वीस वर्षं दुखतंय तो करतो. उस्ताद आणि धाकटा एकाच आठवड्यात नोकरीला लागले. धाकटा तर तीन महिन्यांनी मोठाच होता, पण उस्तादला पहिल्याच महिन्यात ‘उस्ताद’ म्हणायला लागले, मग दुसऱ्याला काहीतरी म्हणायला हवंच, म्हणून हा धाकटा. बावन्न वर्षांचा झाला, गुडघे बोलायला लागले, तरी धाकटा तो धाकटाच. चहावाला म्हणायचा, कॅप्टनबाई म्हणायच्या, एकदा तर फोनवर सासऱ्यांनीही म्हटलं.

उस्ताद होता तरी कसा? बारीक, सदान्‌कदा सर्दी झालेला, रुमालावर निलगिरीचं तेल शिंपडून हुंगणारा. आभाळ भरून आलं की कामधाम टाकून बाहेर जायचा. उजवा हात कपाळावर धरायचा, कोपर बाजूला काढायचं आणि मान वर करून तासभर उभा राहायचा. सगळे हसायचे. पण परत येऊन तो जे बनवायचा ना, ते बघून हसणारे गप्प व्हायचे. निळं आभाळ कोणीही बनवेल. ढगाळ आभाळ बनवणं म्हणजे कर्मकठीण. नुसता राखाडी रंग फासला की ते सिमेंटच्या छतासारखं दिसतं. उस्तादचं आभाळ डोक्यावर किंचित उजळ आणि कडेला मळकट असायचं, खऱ्यासारखं. त्याच्या ढगांच्या पोटाखाली फाटक्या चिंध्या लोंबायच्या. विमान वर चढताना आधी एखादी चिंधी काचेवरून सरकून जायची, मग दोन, आणि मग एकदम काहीच दिसायचं नाही. मुरलेले वैमानिकसुद्धा त्या वेळी खुर्चीचा हात घट्ट धरायचे.

आणि धाकट्याचं पहिलंवहिलं ढगाळ आभाळ? नऊ वर्षांपूर्वी त्यानं जीव तोडून बनवलं. सगळे बघायला जमले. उस्तादनं दोन मिनिटं बघितलं, शिंकला आणि म्हणाला, “धाकट्या, ढग आणलेस, पण सावल्या तशाच ठेवल्यास की रे!”

खरंच होतं ते. भरून आलेल्या आभाळाखाली कशाचीच ठळक सावली पडत नाही, उजेड चहूकडून येतो. याच्या धावपट्टीवर मात्र विमानांच्या, गाड्यांच्या, खांबांच्या काळ्याभोर सावल्या पडल्या होत्या. सावल्या बंद करायलाच तो विसरला होता. हॉल हसून हसून लोटपोट झाला. उस्ताद स्वतः हसला नाही, उलट त्यानं पाठीवर हात ठेवला, आणि तेच धाकट्याला जास्त झोंबलं. रागावता तरी आलं असतं!

घरीही तेच. बाहेर ढग दाटले की बायको खिडकीतून म्हणायची, “अगदी तुमच्या उस्ताद भावोजींच्या आभाळासारखं झालंय बघा.” म्हणजे खरं आभाळसुद्धा त्या माणसाच्या नावावर! धाकटा उठून खिडकीच लावून घ्यायचा.

दोन महिन्यांपूर्वी उस्ताद गेला. छातीत कळ आली आणि संपलं. धाकटा खांदा द्यायला गेला, रडलाही, आणि ते रडणं खोटं नव्हतं. पण पंधराव्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर असताना, त्यानं उस्तादचं आभाळ यंत्रातून पुसलं. जपून ठेवलेली प्रत होती, तीही पुसली. नवं येईपर्यंत ढगांतला सराव बंदच होता, म्हणून कोणाला पत्ता लागला नाही.  वीस वर्षांनी पहिल्यांदा छाती भरून श्वास घेतल्यासारखं वाटलं त्याला.

तर बुधवारी दुपारी तो डब्यात शिरला. दार लागलं. आत पंख्यांची घुरघुर, गरम तारांचा वास आणि काळोख. बाहेर टेबलापाशी बसणारी ऑपरेटर मुलगी कानातल्या फोनवरून म्हणाली, “काका, लावू का?”

“लाव.”

समोरच्या काचांवर आभाळ उजळलं. धाकटा बघत राहिला. आधी त्याला आनंदच झाला. आभाळ सुंदर होतं, डोक्यावर उजळ, कडेला मळकट. मग तो जरा पुढे वाकला. ढगांच्या पोटाखाली चिंध्या लोंबत होत्या. फाटक्या, हळूहळू विरत जाणाऱ्या. चिंध्या त्यानं बनवल्याच नव्हत्या. महिनाभर धडपडला होता, जमलं नाही म्हणून सोडून दिल्या होत्या.

“कोणी हात लावला का ग माझ्या कामाला?”

“नाही काका. किल्ली तर तुमच्याकडेच आहे.”

त्यानं खाली बघितलं. धावपट्टीच्या अलीकडे विमानं उभी करायची मोकळी जागा होती. तिथे एकाही खांबाची सावली नव्हती, एकाही गाडीची नव्हती. नऊ वर्षांपूर्वीची चूक तो मरेपर्यंत विसरणार नव्हता, सावल्या त्यानं दहादा तपासून बंद केल्या होत्या. पण दूर, त्या जागेच्या टोकाला, जमिनीवर एक बारीक काळी सावली पडली होती. माणसाची. माणूस मात्र नव्हता.

“परत पहिल्यापासून लाव,” तो म्हणाला.

चित्र गेलं, परत आलं. सावली होती. आता ती मघापेक्षा जवळ होती, अर्ध्या वाटेवर.

“परत.”

आता ती विमानाच्या पंखाशी होती, आणि तिचा आकार नीट दिसत होता. डोक्याच्या बाजूला एक त्रिकोण निघाला होता. कपाळावर हात धरून कोपर बाजूला काढलं की दिसतो, तसा. 

“काका...” कानात मुलीचा आवाज आला, अगदी हळू. “आत तुमच्याबरोबर कोणी आहे?”

“नाही... का?”

“शिंकलं कोणीतरी... मला वाटलं तुम्हीच.”

गरम तारांच्या वासात दुसरा एक वास मिसळला. निलगिरीच्या तेलाचा. धाकट्यानं शेजारच्या खुर्चीकडे बघितलं नाही. बघायची हिंमतच झाली नाही. त्यानं चाचपडत दार उघडलं आणि पायऱ्यांवरून जवळजवळ घरंगळतच खाली आला.

मुलगी उठून उभी राहिली होती. “मी उद्याची तपासणी पुढे ढकलायला सांगू का?”

मानेनं ‘हो’ म्हणायचं आणि सुटायचं, इतकं सोपं होतं. पण तपासणी पुढे गेली तर तोवर जुनं आभाळ लावा म्हणतील. जुनं आभाळ कुठंय, असं विचारतील. आणि मग अख्ख्या हॉलला कळेल की मेलेल्या माणसाचं काम धाकट्यानं पुसलं. “काही नको,” तो म्हणाला. “तू कोणाला काही बोलू नकोस.”

संध्याकाळपर्यंत बसून त्यानं संगणकातली एकेक ओळ तपासली. सावल्या बंदच होत्या. चिंध्यांचं कुठे नावही नव्हतं.

गुरुवारी सकाळी कॅप्टनबाई आल्या. तीस वर्षं विमान उडवलेली बाई, बोलणं मोजून मापून. त्या डावीकडे बसल्या, धाकटा उजवीकडे. बाईंनी विमान उचललं. एक चिंधी काचेवरून सरकली, मग दोन, मग सगळं पांढरं झालं. पंखावरचा दिवा त्या पांढऱ्यात लुकलुकत राहिला. बाईंचा हात खुर्चीच्या हातावर आवळला गेला, हे धाकट्यानं डोळ्यांनी बघितलं. खाली उतरून विमान थांबलं तेव्हा बाईंचे डोळे ओले होते.

“काय माणूस होता!” त्या म्हणाल्या. “जाता जाता केवढं ठेवून गेला.”

“कोण?”

“कोण काय? उस्ताद. हे त्याचंच आहे ना? तू नुसतं नीटनेटकं केलंस.”

धाकट्याचा जीव नुसता जळला. कालची भीती, रात्रभराच्या जागरणाचा शीण, सगळं त्या एका आगीत गेलं. मेला तरी हा माणूस पुढेच! “नाही,” तो म्हणाला, आवाज चढला त्याचा. “त्याचा काही संबंध नाही. हे माझं आहे.”

“सगळं?”

“सगळंच्या सगळं.”

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. मग काचेतून खाली बोट दाखवलं. “आणि ती?”

सावली आज विमानाच्या अगदी नाकाखाली पडली होती. कपाळावर हात, कोपर बाजूला.

“भरल्या आभाळाखाली सावली... ही चूक तू परत करणार नाहीस, म्हणून विचारते. चुकून राहिली असेल तर मी सही करू शकणार नाही. कोणाची आहे ती?”

 निलगिरीचा वास आता इतका जवळ होता की कोणीतरी त्याच्या खांद्यावरून वाकून उत्तराची वाट बघत असावं. खरं सांगायला दोन शब्द पुरले असते. माझं नाही, एवढंच. वीस वर्षं उस्तादचं मोठेपण त्यानं तोंडानं कबूल केलं नव्हतं, आता तरी कसं करणार?

“माझी आहे,” धाकटा म्हणाला. “मीच ठेवलीय. खूण म्हणून.”

बाईंनी खांदे उडवले आणि कागदावर सही केली. धाकट्यानं काचेतून बघितलं. खाली जमीन कोरी होती. सावली गेली होती. वासही गेला होता. त्याला इतकं हलकं वाटलं की तो हसलाच.

हॉलमध्ये सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चहावाल्यानं चहा पुढे केला आणि म्हणाला, “घ्या उस्ताद.” ऐकलंत? उस्ताद! धाकट्यानं तो शब्द चहाबरोबर घोट घोट प्यायला.

दुपारी तो लवकर निघाला. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात कागदांची जड पिशवी. बाहेर खरं आभाळ भरून आलं होतं, डोक्यावर उजळ आणि कडेला मळकट. आवारातल्या गाड्या, दिव्यांचे खांब, फाटकाशी उभा रखवालदार, कशाचीच सावली पडली नव्हती. फाटकापाशी ऑपरेटर मुलगी भेटली. ती हसून अभिनंदन करायला पुढे आली आणि मध्येच थांबली. तिची नजर त्याच्या पायांकडे होती.

“काका...” ती म्हणाली. “हे... असं कसं?”

धाकट्यानं खाली बघितलं. त्याच्या बुटांना चिकटून एक बारीक, काळीभोर सावली फरशीवर पडली होती. ढग दाट होते, ऊन कुठेच नव्हतं. तो डावीकडे सरकला, तीही सरकली. त्यानं पाय झटकला, तिनंही झटकला. सगळं त्याच्यासारखंच करत होती ती.

फक्त त्याचे दोन्ही हात छत्री आणि पिशवीत अडकले होते, आणि तो मान घालून खाली बघत होता. सावलीनं उजवा हात कपाळावर धरला होता, आणि ती वर आभाळाकडे बघत होती.