कोरी फेरी

विमान कातळसड्यावरच्या धावपट्टीला टेकलं, तेव्हा डॉ. यशोधरा तोडणकरने सवयीने आधी आकाशाकडे पाहिलं आणि मग शेजारी उभ्या पाहुण्याकडे. आकाश नेहमीसारखं दुधी होतं. पाहुणा म्हणजे हेरंब पटवर्धन. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तो तिचा जोडीदार होता, आता जागतिक छाया मंडळाचा निरीक्षक झाला होता. त्याच्या चकचकीत बुटांवर कोकणची तांबडी धूळ बसली होती आणि ते त्याला मुळीच आवडलेलं नव्हतं.

वैमानिक लतीफ मुकादम शिडीवरून उतरला. "सगळा गंधक सोडून आलो, मॅडम. उद्याची पाळी कोरीची ना?"

तिने मान डोलावली.

"कोरी म्हणजे?" हेरंबने विचारलं.

"टाकीत गंधकाऐवजी साधं पाणी. आमची उपकरणं खरं बोलतात का, ते त्यावरून कळतं. सहाही केंद्रप्रमुख नैरोबीच्या एकाच शिबिरात शिकलो. तिथे ही शिस्त अंगात मुरली."

"मग महिन्यातून एखादीच असेल ना?"

तिने चहा मागवला.

जगभरातली सहा केंद्रं ढगांच्याही वर, स्थितांबरात, गंधकवायू सोडत होती. त्याचे सूक्ष्मकण होत आणि थोडं ऊन वरच्यावर परतवत. कणांच्या या थराला छायापटल म्हणत. हवेतला कार्बन मात्र वाढतच होता, म्हणून गंधकाची मात्रा दुप्पट करायचं मंडळाने ठरवलं होतं. दुपारच्या बैठकीत सहाही प्रमुखांनी होकार द्यायचा होता. नकार देणाऱ्याची खुर्ची जाणार, आणि इथली खुर्ची हेरंबला मिळणार होती. हे त्याने कपात बघत, ओशाळून सांगितलं.

"मग बसून बघ, मऊ आहे," यशोधरा म्हणाली. "मी होकार देणार नाही."

"कारण?"

"कधी पिठलं केलंयस? उकळत्या पाण्यात पीठ भसकन ओतलं की काय होतं?"

"गुठळ्या."

"वर तेच होतंय. नव्या गंधकाचे नवे कण होतच नाहीत, तो जुन्यांनाच चिकटतो. कण लठ्ठ होतात. लठ्ठ कण ऊन कमी परतवतात, लवकर खाली पडतात आणि वर असेपर्यंत आजूबाजूची हवा तापवतात. वरचा थर तापला की मोसमी वारे वाट सोडतात. दुप्पट गंधक टाकून सावली वाढणार नाही, आमचा पाऊस तेवढा जाईल."

"हे तू तीन वर्षं लिहून पाठवतेयस. पुरावा कुठंय?"

यशोधराने कप खाली ठेवला. "दीड वर्ष मी एकाआड एक फेरी कोरी पाठवतेय. मंडळ फेऱ्या मोजतं आणि जमिनीवरची सावली मोजतं. सावली कमी झाली का?"

हेरंब उभाच राहिला. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? कोट्यवधी लोकांच्या जिवाशी खेळलीस तू!"

"हो. आणि पहिल्या उन्हाळ्यात रोज पहाटे उठून मी तापमानाचे आकडे बघायचे. दुप्पट मात्रेच्या हुकमावर सही करताना तुमच्यापैकी कुणी बघितले होते?"

"पण हा पुरावा नाहीच, यशो! तुझा वाटा बाकीच्या पाच केंद्रांनी भरून काढला. तू दुसऱ्यांच्या जिवावर शूर झालीस."

हे तिला झोंबलं, कारण बोलणं बरोबर होतं. ती पडद्यावरच्या आलेखाकडे वळली. केंद्राचा किरणमापी आकाशात प्रकाशझोत सोडायचा आणि परतलेल्या उजेडावरून वरचा गंधक मोजायचा. दीड वर्षात आकडा जवळजवळ निम्म्यावर आला होता. यंत्र बिघडलंय, असं धरून चालून तिने किती वेळा भिंग पुसलं होतं! शिबिरातली शिस्तच तशी. आधी स्वतःच्या यंत्रावर संशय घ्यायचा.

पण वरचे वारे सगळ्यांचा गंधक एकत्र कालवतात. सहांतल्या एका केंद्राने निम्मा कमी केला, तर बारावा हिस्सा घटेल. निम्मा कसा घटेल?

"यंत्र धड आहे," ती पुटपुटली. "मीच मूर्ख आहे."

बैठक सुरू झाली. पडद्यावर पाच प्रमुख आणि मंडळाच्या अध्यक्षा होत्या. होकार द्यायला पहिलं नाव तिचंच पुकारलं गेलं. यशोधराने कोऱ्या फेऱ्यांची सरळ कबुली दिली, आलेख दाखवला आणि बारावा हिस्सा समजावला. मग ती सहकाऱ्यांकडे वळली.

"उरलेली घट माझी नाही. आणखी कोण पाणी उडवत होतं?"

पेरूच्या म्हाताऱ्या प्रमुखाने चष्मा काढून पुसला. "मी. एकाआड एक फेरी. तुम्ही सगळे भरून काढताय, असं समजत होतो."

"मीही तेच समजत होते," केनियाची बाई म्हणाली. पाठोपाठ उरलेले तिघेही बोलले. एकाला तर हसू आवरेना.

"म्हणजे भरून कुणीच काढत नव्हतं," यशोधरा म्हणाली. "दीड वर्ष जग निम्म्या गंधकावर चाललंय आणि सावली तेवढीच आहे. दुप्पट मात्रेला माझा नकार."

पाच नकार आणखी आले. अध्यक्षांचा चेहरा लालबुंद झाला. "पटवर्धन, केंद्र आत्ताच ताब्यात घ्या. उद्यापासून दुप्पट!"

पडदा काळा झाला. यशोधराने किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या. हेरंबने त्या उचलल्या आणि आलेखासमोर जाऊन तो निम्म्यावर आलेला आकडा पुन्हा वाचला.

दारात लतीफ आला. दोघांकडे आळीपाळीने बघून त्याने विचारलं, "साहेब, उद्याला टाकीत काय भरू?"

"पाळी कशाची आहे?" हेरंबने विचारलं.

"कोरीची."

"मग पाणी भर," तो म्हणाला, आणि किल्ल्या त्याने परत टेबलावर ठेवल्या.