हिंगणीच्या बाजारातला फोटो

निकेश पहिल्यांदा आला तो चुकून. त्याला शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात जायचं होतं, शिरला आमच्या स्टुडिओत. उन्हानं डोळे दिपलेले, त्यात मी डार्करूमचा पडदा सारून बाहेर येत होते... टक्कर व्हायचीच बाकी होती.

"इथं रोल धुता का जी?" त्यानं भिंतीवरचे फोटो बघत विचारलं.

"नाई, भांडे धुतो. पाटी दिसली नाई का?"

तो हसला आणि खिशातून रोल काढला. सन चौऱ्याण्णव. वर्ध्यात ब्लॅक अँड व्हाइट हातानं धुणारे तेव्हा थोडेच उरले होते, त्यातले आम्ही — मालक बंडूजी आणि मी. निकेश बियाण्यांच्या कंपनीत होता. मोटारसायकलवर गावोगाव फिरायचा आणि जाईल तिथल्या रस्त्यांचे फोटो काढायचा.

मग दर सोमवारी येऊ लागला. मी वाट बघायचे, हे सांगायला आता कसली लाज!

"सरिता, तुमच्या हातचा प्रिंट वेगळाच येते," तो म्हणायचा.

"भाजी आहे का, हातची चव यायले?"

"तसंच समजा ना..."

असं बोलल्यावर पोरीनं काय समजायचं? मी समजले. त्याचे फोटो जीव ओतून करू लागले. निगेटिव्हवरून फोटो मोठा करताना कडेचा पसारा कापून टाकायचे — अर्धी सायकल, कोणाचा हात, कोणी बसलेली पोरगी. निगेटिव्हमध्ये चेहरे काळे नि केस पांढरे, कोण ओळखू येतं?

एक फोटो हिंगणीच्या बाजारातला होता. रस्त्यावर चष्मे विकणाऱ्यासमोर एक म्हातारा नवा चष्मा लावून स्वतःचाच तळहात बघतोय. उजवीकडे बांगड्यांचं दुकान उगाच मधे आलेलं. मी ते कापलं, तर बंडूजी हातातला चहा विसरून बघत राहिले. नागपूरच्या एका पेपरनं भटकंतीच्या फोटोंची स्पर्धा ठेवली होती. मी गुपचूप तो निकेशच्या नावानं पाठवून दिला. म्हटलं, नंबर लागला तर मीच पाठवल्याचं सांगीन... आणि मग मनातलंही सांगून टाकीन.

पहिला नंबर आला. रविवारच्या पुरवणीत अर्धं पान म्हातारा, खाली निकेशचं नाव. पेपरनं पत्र पाठवून त्याच्याकडे निगेटिव्ह मागितली.

सोमवारी मी नवा ड्रेस घातला. तो आला निगेटिव्हचं पाकीट घेऊन. चेहरा उतरलेला.

"याच्यात रक्षा आहे," तो म्हणाला.

"कोण रक्षा?"

त्यानं पट्टी ट्यूबलाइटसमोर धरली. "हे बांगड्याईच्या दुकानातली. तिच्यासमोर कॅमेरा धरायची हिंमत नव्हती माझी. म्हणून दुसऱ्या कशाचा तरी फोटो काढायचो, आन् तिले कडेले घ्यायचो. वर्षभर. एकाही फोटोत आली नाई. मले वाटलं, कॅमेराच सस्ता आहे, कडेचं पकडत नाई. निगेटिव्ह कधी उजेडात धरून पाहिलीच नाई."

मी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"एक जरी फोटो आला, तर तिले नेऊन देईन आन् विचारीन, असं ठरवलं होतं. आलाच नाई. म्हटलं, नशिबातच नसन... वैशाखात लग्न झालं तिचं. अमरावतीले दिली."

"मी कापलं," मी म्हणाले. "सगळ्याईतून मीच कापलं. मले पसारा वाटला जी तो."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. पण तो हळूच म्हणाला, "तुमची काय चूक. फोटो तर चांगलेच झाले."

त्याला पूर्ण फोटो हवे होते. ती असलेले अकरा निघाले. लाल दिव्याखाली एकेक कागद औषधात सोडला आणि अकराही वेळा ती पोरगी हळूहळू वर आली. शेवटच्या फोटोत ती सरळ कॅमेऱ्याकडे बघून हसत होती. म्हणजे तिला माहीत होतं. तीसुद्धा वाटच बघत होती.

तेवढा एक दडवावा, असं मनात आलं. नाही दडवला.

तो फोटो त्यानं कितीतरी वेळ बघितला. मग पाकिटात घालायला गेला, पण कोपरा अडकला. पाकीट मी धरलं.

"निकेश, स्पर्धेले फोटो मीच पाठवला होता. तुमी आवडता मले... वर्षभर सोमवारची वाट पाहून राह्यली मी."

त्यानं मान वर केली. इतक्या दिवसांत माझ्याकडे त्यानं नीट बघितलं ते तेव्हाच.

"मंग तुमाले समजतच असन," तो म्हणाला, "मले आता कसं होऊन राह्यलं ते."

मला समजत होतं. म्हणूनच तो निघाला तेव्हा मी त्याला थांब म्हटलं नाही.