तुटलेल्या रेघा

"माझ्या भावाच्या जिवावर कुणीतरी उठलंय," मुलगी म्हणाली. समोरच्या चहाला तिने हात लावला नव्हता.

भिंगबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. त्यांची सारी नोकरी अपघातातल्या गाड्या तपासण्यात गेली होती, आणि आता लोक घरगुती कोडी घेऊन यायचे. भिंग त्यांच्याकडे कधीच नव्हतं, पण नाव चिकटलं ते चिकटलं. शेजारचे निवृत्त मास्तर नेहमीच्या खुर्चीत सरसावून बसले.

"सावकाश सांग, बाळ."

मुलीचे वडील, अण्णा, जाऊन काही महिने झाले होते. मागे त्यांनी हाताने बांधलेली जीपसारखी डोंगरगाडी राहिली होती. रविवारी तिचा धाकटा भाऊ ती पहिल्यांदाच खडकाळ चढणीवर नेणार होता. आणि काल तिला पुढच्या डाव्या चाकाच्या बोल्टांवरच्या रेघा तुटलेल्या दिसल्या. हवाही उतरली होती.

"बोल्टांवर रेघा?" मास्तर म्हणाले.

"खडकावर पकड यावी म्हणून टायरमधली हवा कमी करतात, मास्तर. मग टायर निसटू नये म्हणून त्याची कड एका रिंगेखाली दाबून बोल्टांनी आवळतात. बीडलॉक म्हणतात त्याला. आवळून झालं की बोल्टाच्या डोक्यावरून रिंगेपर्यंत पांढरी रेघ ओढायची. बोल्ट हलला की रेघ तुटते."

"रेघ अण्णाच मारायचे?"

"छे! आवळणाऱ्याने रेघ मारायची नाही, हा त्यांचा नियम. आपली चूक आपल्याला दिसत नाही म्हणायचे. ते बाजूला झाले की आई रंगाची बाटली घेऊन बसायची आणि एकापाठोपाठ एक रेघ मारत गोल फिरून यायची."

गाडीच्या शेडच्या किल्ल्या तिघांकडे होत्या. आई, भाऊ आणि अण्णांचे भागीदार. भागीदारांना मुलं काका म्हणायची.

शेडमध्ये भिंगबाईंनी चाकाला साबणाचं पाणी लावलं. रिंगेच्या एकाच बाजूला बुडबुडे आले. तिथे नख जाईल एवढी फट होती. समोरच्या बाजूला मात्र रिंग घट्ट बसली होती. मग त्या प्रत्येक बोल्टासमोर वाकल्या.

"मास्तर, बोल्टाच्या डोक्यावरचा रेघेचा तुकडा कुठल्या बाजूला सरकलाय?"

"उजवीकडे. सगळ्यांचाच. म्हणजे कटच की!"

"धीर धरा."

भाऊ हात पुसत आला. "मी हात लावलेला नाही. अण्णांनी आवळलेला बोल्ट मी कशाला हलवू? त्यांच्या हातचं आहे ते."

"आणि काही बिघडलं तर?"

"आईसारखं बोलू नका हो. तीही रोज मागे लागते. तिला म्हटलं, तुला काय कळतंय त्यातलं."

काका दारातच थांबले होते. "तो गेल्यापासून इथे पाय टाकवत नाही," ते म्हणाले. "पण पोरा, रबर दबतं, बोल्ट सैल होतात. पुन्हा आवळावेच लागतात. तेही समोरासमोरचे, आलटूनपालटून. सरळ गोल फिरलास तर रिंग तिरकी बसते."

आईने सगळ्यांना पाणी आणून दिलं. तांब्या तिने डाव्या हातात धरला होता. उजव्या मनगटाला पट्टी होती, मलमाचा वास येत होता.

"लागलं का हो?" भिंगबाईंनी विचारलं.

"मुरगळलंय थोडं."

भिंगबाई स्टुलावर बसल्या. "कुणी कुणाच्या जिवावर उठलेलं नाही. बोल्ट उजवीकडे फिरलेत. घातपात करणारा सैल करतो, इथे कुणीतरी आवळलंय."

"मग हवा का गेली?" मुलीने विचारलं.

"रिंग तिरकी बसली म्हणून. हा माणूस बोल्ट सरळ ओळीने आवळत गेला. काकांच्या हातून असं झालं नसतं. धाकट्याला बापाचा बोल्ट हलवायचा नाही. आणि नवी रेघ का नाही मारली? लपवायचं असतं तर ते काम क्षणाचं होतं. पण या माणसाला अण्णांचा नियम मोडवेना. आवळलं स्वतः, मग रेघ मारणार कोण? एकटं माणूस होतं ते."

मास्तर म्हणाले, "पण मग ओळीने का?"

"कारण चाकाभोवती ते आजवर ओळीनेच फिरलंय. हातात रंगाची बाटली घेऊन. आणि एकाच चाकावर थांबलं, कारण मनगटाने दगा दिला."

आईने पदर सावरला.

"मी ऐकायची ना," ती म्हणाली. "ते आवळायचे तेव्हा मी डबे आवरत असायची. पुरेसं आवळलं की पाना कट्ट वाजतो, एवढंच ठाऊक. क्रम कुठे बघितला? हा ऐकेना, आणि रविवार जवळ आला. म्हटलं, चारही चाकं करून टाकू गुपचूप."

भावाने हात पुसायचं फडकं बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "मला हाक मारायचीस."

"मारली होती. तुझं लक्ष फोनमध्ये."

मास्तरांना हसू आवरलं नाही. काकांनी चपला काढल्या नाहीत, पण उंबरा ओलांडला. "चल रे, सगळे सैल कर. पहिल्यापासून घेऊ. मी सांगतो तसा आधी एक, मग त्याच्या समोरचा."

भाऊ खाली बसला. दर वेळी कट्ट झालं की आई मान हलवायची. चाक पुरं झालं. तिने फडताळातून बाटली काढली, घट्ट झालेलं झाकण उघडायचा प्रयत्न केला, आणि ती मुलीपुढे धरली.

"माझं मनगट साथ देत नाही आज. तू मार."

मुलीने ब्रश टेकवला.

"सरळ," आई तिच्या खांद्यावरून वाकत म्हणाली. "तिरकी चालायची नाही त्यांना."