दोन माणसांची हवा

सिलेंडर पाठीला बांधून पाण्याखाली उतरायचं, हे खूळ बायकोचं. मी आपला जोडीदार. तिथला नियमच तसा आहे: एकट्याने खाली जायचं नाही, जोडीनेच जायचं आणि एकाची हवा संपत आली की दोघांनीही वर यायचं. आमचे धडे पाण्याने भरलेल्या एका जुन्या दगडखाणीत चालत. तिच्या तळाशी बुडवून ठेवलेली होडी बायकोला पाहायची होती, आणि दर वेळी होडी दिसायच्या आत माझ्या हवेचा काटा लाल खुणेवर येई.

"काका, तुम्ही दोन माणसांची हवा पिता," प्रशिक्षक म्हणाला. तिला तो मॅडम म्हणतो, मला काका. "आज पुन्हा तसंच झालं, तर पुढच्या वेळेपासून मॅडम माझ्याबरोबर उतरतील."

हे माझ्या जिव्हारी लागलं. इतक्या वर्षांनी आम्हा दोघांचं असं काहीतरी सुरू झालं होतं, आणि ते त्या पोराच्या हवाली करायला मी तयार नव्हतो.

खाली पाणी आधी हिरवं, मग चहाच्या रंगाचं, मग नुसतंच थंड. तोंडात रबराची चव. कानात फक्त आपलाच श्वास. त्या दिवशी मी अगदी मोजूनमापून श्वास घेत होतो. आत... बाहेर... आणि मधल्या शांततेत आणखी कुणीतरी श्वास घेतला.

बायको बरीच पुढे होती.

खाली श्वास रोखायचा नाही, हा पहिलाच धडा. मी तो मोडला. तरी माझ्या छातीजवळून बुडबुडे निघतच राहिले. बारीक बारीक, घाईघाईने. मी खाली पाहिलं. जोडीदाराची हवा संपली तर त्याला द्यायला प्रत्येकाजवळ एक जादा नळी असते, पिवळी. माझी नळी उजवीकडे ताठ ताणली गेली होती. टोकाला कुणी नव्हतं. हवा मात्र जात होती.

माझी पाचावर धारण बसली. मग काट्याकडे लक्ष गेलं आणि भीती राहिली बाजूला, डोकंच फिरलं. इतके दिवस मी खादाड ठरलो, तो या फुकट्यापायी! मी नळी ओढली. तिकडूनही ओढ लागली. मी हिसडा दिला, नळी सुटली, ती काखेत गच्च दाबून मी निघालो. काटा शहाण्यासारखा सावकाश उतरू लागला. आणि होडी दिसली! बायकोने तिच्या लाकडावरून हात फिरवला. मी होडीपेक्षा तिच्याकडेच पाहत होतो. फार फार बरं वाटलं.

तेवढ्यात तिने वर जायची खूण केली. तिचा काटा लालवर आला होता.

"मॅडम, तुमची हवा कशी संपली? काकांकडे तर अर्धा सिलेंडर आहे!" काठावर प्रशिक्षक चक्रावला.

"दमले असेन," ती म्हणाली.

गाडीत बसल्यावर तिने दार लावलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "तुम्ही त्याला हाकललंत ना?"

"...कुणाला?"

"पहिल्या दिवशी माझ्याकडेच आलं होतं. मीच तुमच्याकडे पाठवलं. म्हटलं, तुम्ही कुणाला नाही म्हणत नाही."

"आणि तो पोरगा मला नावं ठेवत होता, तेव्हा तू गप्प?"

"मग काय सांगायचं होतं त्याला? आज तुम्ही हिसडा दिलात, मग मलाच घ्यावं लागलं. केवढं घाबरलं होतं हो ते... माझा हातच सोडेना."

"वर आल्यावर... सोडला ना?"

तिचा हात मघापासून दोन सीटांच्या मधून मागे गेलेला होता. मी गाडी सुरू केली. तिची माझी जोडी राहावी म्हणून केवढा आटापिटा केला होता मी!

"काचा बंदच ठेवा," ती कुजबुजली. "वारा सोसत नाही त्याला..."

मी आरशात पाहिलं. मागच्या सीटवर कुणी नव्हतं. फक्त मागची काच आतून धुरकट होत होती... पुसट होत होती... पुन्हा धुरकट होत होती.