बाहुलीचे रिकामे दंड

पदमचंद चपला न काढताच दुकानात शिरले, तेव्हा केशरीचंदाने हातातला गज खाली ठेवला. चपला विसरलेला माणूस कापड घ्यायला आलेला नसतो.

"सूरजबाई आहेत काय? धर्मशाळेत चोरी झाली."

सूरजबाई आतून आली. कारंज्याच्या बाजारात तिचं कापडाचं दुकान होतं, पण निम्मी गिऱ्हाइकं कापडासाठी येत नसत. नाहीशी झालेली अंगठी, खोटं मृत्युपत्र, ज्याचा गावात बभ्रा नको ते सगळं तिच्या उंबऱ्यावर येई. अकोल्याचे दोन वकील तर तिला फी देत. बाईमाणसाने एकटं हिंडू नये म्हणून धाकटा दीर केशरीचंद बरोबर जाई. डोकं मात्र तिचं ती नेई.

वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाने बंजाऱ्यांवर, 'तांड्याचे लोकजीवन' या विषयावर कारंज्यात चर्चासत्र भरवलं होतं. पदमचंद धर्मशाळेचे विश्वस्त, म्हणून यजमानही तेच. केशरीचंद पहिल्या व्याख्यानाला जाऊन आला होता. चहा चांगला होता.

"काय गेलं?" सूरजबाईने विचारलं.

"प्रदर्शनातल्या बाहुलीच्या अंगावरची लेणी. मानोऱ्याकडची रुपाबाई आली आहे ना गाणी म्हणायला, तिनंच उचलली. तांड्याची बाई, दुसरं कोण? ओसरीवर बसवून ठेवली आहे. संध्याकाळी समारोप आहे. तोवर माल निघाला नाही तर ठाण्यात देतो."

"कुलूप तुटलं?"

"नाही. किल्ल्या तीन. एक माझ्याजवळ, एक प्राध्यापकांजवळ, एक त्यांच्या विद्यार्थ्याजवळ, मोहनसिंगाजवळ. तो तिचा पुतण्या. त्याच्या उशाखालून घेतली असंल."

"म्हणजे जिच्याजवळ किल्ली नाही, तीच चोर," सूरजबाई म्हणाली. "चला भाऊजी."

बाहुली माणसाएवढी होती, गवत भरलेली. अंगात आरशांची कांचळी चोळी, कमरेला भरतकामाचा घेरदार फेटिया. कानशिलांवरच्या केसांत गुंफलेल्या घुंगरांच्या घुगऱ्या गेल्या होत्या. कोपरापासून खांद्यापर्यंतच्या पांढऱ्या बांगड्या दोन्ही हातांवरून उतरल्या होत्या. मनगटाकडच्या जागच्या जागी. गळ्यात पदमचंदांच्या पेढीवरची चांदीची जाड हासळी तशीच, आणि ओढणी डोक्यावरून नीट घेतलेली.

"चोराले वेळ कमी पडला," केशरीचंद म्हणाला.

"एकेक बांगडी सोडवायला वेळ होता, हासळीचा एक हिसका मारायला नव्हता? आणि जाताना पदर सारखा करून गेला?"

भिंतीवर एक डफ टांगला होता. खाली चिठ्ठी: 'खेमा यांचा डफ, मानोरा.'

"सकाळी आधी कोण आत आलं?" तिने विचारलं.

"मीच," पदमचंद म्हणाले. "एरवी रुपाबाई येते झाडायले. आज मी आधी आलो, पाहिलं आणि दार लावून घेतलं."

प्राध्यापकांचं नाव उकंडराव. आईने आधीची मुलं जगली नाहीत म्हणून ठेवलेलं. विद्यापीठात ते नुसते 'सर' होते. त्याच खोलीत त्यांच्या टेबलावर ध्वनिमुद्रणाचं यंत्र, त्याला मोटारीची बॅटरी जोडलेली.

"लवकर आटोपा बाई. पाहुणे येतील."

"हा खेमा कोण?"

"रुपाबाईचा नवरा. आमचा वाटाड्या होता या पाहणीत. तो थांबलाय पैनगंगेपलीकडच्या तांड्यावर, डफावरची गाणी जमवायला. समारोप झाला की येईल." त्यांनी यंत्रावरची धूळ पुसली. "सगळं मिळालं हो आम्हांला. लग्नाचं, होळीचं. एक मरणाचं रडगाणं तेवढं राहिलं. ते मागितलं म्हणून कोणी गात नाही."

"विधवेनं काय काय उतरवायचं असतं तांड्यावर?"

"व्याख्यानात सांगितलंच की. मनगटापासून खांद्यापर्यंत हात उघडा."

केशरीचंदाने मान हलवली. तेवढं वाक्य त्याने जागेपणी ऐकलं होतं.

रुपाबाई ओसरीच्या खांबाला टेकून बसली होती. दोन्ही हात बांगड्यांनी गच्च.

"मले काहून बसवलं, कोनी सांगून नाही राह्यलं," ती म्हणाली. "त्या सवतीचं काही गेलं म्हनतात."

"सवत कोण?"

"ते गवताची. मीच सजवली तिले, माह्याच फेटियात. सगळ्यायसमोर म्हटलं, हे माही सवत. खेमा आला की हिच्याच संगं जाईल, हे तोंड तं करत नाही." ती स्वतःशीच हसली. "मोहन हसला नाही. लहानपनी मोठा हासरा होता तो. शिकून असा झाला."

सूरजबाईने तिच्या हाताला हात लावला. "इतक्या बांगड्या. जड होत नाहीत?"

"सवय हाय बाई. कोपराच्या वरचं नवऱ्याच्या नावाचं. खालचं आपलं, मरेपर्यंत."

"खेमा डफ इथंच ठेवून गेला?"

"मीही तेच म्हटलं. रातच्यानं उशाशी ठेवते तो त्याले. सायेब म्हने, परदर्शनाले पायजे होता."

मोहनसिंग मागच्या खोलीत खुर्च्या पुसत होता. भरदुपार, पत्र्याचं छत, आणि डोक्यावर कान झाकणारी लोकरी टोपी. घाम गळ्यापर्यंत उतरलेला.

"सर्दी आहे," तो म्हणाला. आवाज मात्र घंटेसारखा स्वच्छ.

"काकी चोर नाही, हे तुला माहीत आहे."

"माहीत आहे." त्याने तीच खुर्ची पुन्हा पुसली.

सूरजबाईने सगळ्यांना प्रदर्शनाच्या खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. रुपाबाईला ओसरीवरच राहू दिलं.

"चोरी झालीच नाही," ती म्हणाली. "चोराने हासळी सोडली नसती. ज्याने हे केलं त्याला माल नको होता. त्याने या बाहुलीला विधवा केलं."

"तसं असतं तर सगळ्या बांगड्या..." प्राध्यापक म्हणाले.

"तुमच्या व्याख्यानातून शिकला असता तर सगळ्या काढल्या असत्या. पण खालच्या ठेवल्या. म्हणजे हे ऐकून शिकलेलं नाही, तांड्यात वाढून कळलेलं. रुपाबाई असती तर? तिच्या हातावर वरच्या बांगड्या आहेत. जिला स्वतःचं ठाऊक नाही, ती सवतीला कशाला विधवा करील?"

"सवतीला?" केशरीचंदाने विचारलं.

"तिनंच सगळ्यांसमोर हिला सवत म्हटलं, भाऊजी. सवतींचा नवरा एकच असतो. गाणी जमवायला थांबलेला माणूस डफ सोडून जात नाही. आणि हिवाळा असला तरी या पत्र्याखाली कानटोपी कोणी घालत नाही. मोहनसिंग, टोपी काढ."

त्याने काढली. डोकं भादरलेलं होतं, नुसते खुंट उगवू लागलेले.

"काकाला अग्नी तू दिलास?"

"हो." तो जमिनीकडे बघत होता. "ताप होता त्याले. सर म्हणाले, अजून एक तांडा करू, मग परत फिरू. या यंत्राची पेटी खांद्यावर घेऊन नदी उतरला. पलीकडं गेल्यावर उठलाच नाही."

"समारोपानंतर मी सांगणारच होतो," प्राध्यापक म्हणाले. "सगळं ठरलेलं होतं. ती गायली नसती तर चर्चासत्र मोडलं असतं. काही मदतही करणार होतो."

"मले म्हणाले, बोललास तर एम. ए. विसर," मोहनसिंग म्हणाला. "तोंडानं सांगवलं नाही. वाटलं, काकी सकाळी झाडायले येईल, पाहील, समजेल."

"आणि आधी पदमचंदजी आले. ते तिला सकाळपासून चोर म्हणतात, तरी तू खुर्च्या पुसत राहिलास."

पदमचंदांना एकदम आपल्या पायातल्या चपला दिसल्या.

"लेणी कुठं आहेत हेही सांगते. ज्याच्या नावाची, त्याच्याजवळ." सूरजबाईने खुंटीवरून डफ उतरवला. पाठीमागच्या पोकळीत एक पुरचुंडी बांधली होती. तिने गाठ सोडली; आत बांगड्या होत्या, आणि घुगऱ्या कातड्यावर पडल्या.

डफ घुमला.

आयुष्यात सूरजबाईचा अंदाज फार वेळा चुकला नाही. त्या दिवशी चुकला; डफ ओसरीपर्यंत ऐकू जाईल हे तिच्या ध्यानात आलं नाही. ओसरीवरून धावत येणारी पावलं सगळ्यांनी ऐकली.

"खेमा आला काय?" रुपाबाईने दार ढकललं.

तिने डफ पाहिला. मग बाहुलीचे दंड पाहिले. मग मोहनचं डोकं. कोणाला काही सांगावं लागलं नाही. विद्यापीठाला जे वाचता आलं नव्हतं, ते तिला एका नजरेत वाचता आलं.

"मी काल होळीचं गानं म्हटलं," ती मोहनला म्हणाली. "तू समोर बसला होता."

मग ती बाहुलीजवळ खाली बसली आणि कोपराच्या वरची पहिली बांगडी ओढू लागली. ती निघेना. सूरजबाई तिच्याजवळ बसली, पण हात लावायचं धाडस तिला झालं नाही. रुपाबाईच्या गळ्यातून आधी नुसता श्वास आला, मग सूर, आणि सुरात खेमाचं नाव.

केशरीचंदाला रहस्यं उशिरा कळत. पण प्राध्यापक मागे सरकले, टेबलाशी गेले, यंत्राच्या खटक्याकडे त्यांचं बोट हळूच वळलं, तेव्हा त्याला समजावून सांगावं लागलं नाही.

तो चालत गेला आणि बॅटरीची तार उपटून हातात धरून उभा राहिला.