कोरी प्लेट

आमच्या प्रयोगशाळेत पालेवालीला कुणी बसायला खुर्चीही देत नसे. वनस्पतिशास्त्रातली डॉक्टरेट आणि कसल्याशा वेलाच्या हिरवट अर्काची बाटली, एवढ्या भांडवलावर ती आली होती. "हा अर्क एकटा काही करत नाही," ती सांगायची. "पण औषधाच्या जोडीला दिला, की कशालाच दाद न देणारे जंतूही मरतात." म्हणजे आमच्या साहेबांच्या मेहुण्यासारखाच, असं मी तिच्या तोंडावर म्हणालो. सगळे हसले. ती हसली नाही.

दादाच्या पायाची जखम चिघळली नसती, तर मी त्या बाटलीकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. एकही अँटिबायोटिक लागू पडत नव्हतं. सर्जन पाय कापायची भाषा करत होता.

"भाऊजी, तुमच्याकडे काहीच नाही का हो?" वहिनीने विचारलं.

मी जखमेतला पू जंतू वाढवायच्या दोन प्लेटवर पसरला. एक तशीच ठेवली. दुसरीवर दोन कागदी चकत्या टेकवल्या, एक औषधाची, एक अर्काची. पू हाताळताना हातमोजे होते, अर्काच्या वेळी काढून टाकले. पाल्याच्या रसाला कसले आलेत हातमोजे! बोटांना लागलेला ओशट थर पँटला पुसला आणि त्याच बोटांनी दोन्ही प्लेटवर झाकणं ठेवली.

दुसऱ्या दिवशी चकत्यांभोवती फार तर रिकामी कडी दिसायला हवी होती, बाकी सगळीकडे जंतूंची साय. प्लेट मात्र कोरी होती. जिला अर्क लावलाच नव्हता, तीही कोरी.

मीच जंतू पेरायला विसरलो, असं पालेवाली म्हणाली असती तर मी तिला फाडून खाल्लं असतं. ती नुसती माझ्या उघड्या बोटांकडे बघत राहिली.

सर्जनने हो-ना करत औषधाबरोबर अर्क दिला. दादाचा ताप उतरला, पाय वाचला. श्रेय सर्जनने बिनदिक्कत खिशात घातलं. त्याच्याकडून दुसरी अपेक्षाही नव्हती.

पालेवालीने एक नवी प्लेट माझ्यापुढे सरकवली. "अंगठा टेकवा."

माणसाचा अंगठा कितीही धुतला, तरी प्लेटवर काहीतरी उगवतंच. माझ्या अंगठ्याखाली काहीच उगवलं नाही.

"मिरवा आता तुमचा पाला," मी ओरडलो. मला तिची चीड आली होती. आणि भीती वाटत होती.

दादा सकाळी घरी आला, त्याच संध्याकाळी मी गेलो. जखम छान भरली होती. वहिनी त्याचा शर्ट नाकाशी धरून उभी होती.

"दिवसभर अंगात होता," ती म्हणाली. "वासच नाही हो, भाऊजी." अंगाला वास येतो तो कातडीवरच्या जंतूंमुळे, हे तिला सांगायचा मला धीर झाला नाही.

दादाचा कुत्रा दाराकडे तोंड करून बसला होता.

"सकाळपासून तिथेच आहे," दादा म्हणाला. "माझी वाट बघतोय. अरे, मी इथे बसलोय ना!"

मी हाक मारली. एरवी मी आलो की तो अंगावर उड्या मारायचा. आता तो सावकाश उठला. त्याने माझी बोटं हुंगली, अंगठ्यापाशी जरा थांबला.

मग पुन्हा दाराशी जाऊन बसला, मी यायची वाट बघत.