हेडबाईंची खुर्ची

कोंबडी शोधायला ती निघाली तीच मुळी तणतणत. सकाळच्या दोन शिकवण्या बुडाल्या होत्या, आत्याने घर डोक्यावर घेतलं होतं, आणि गल्लीतली सगळी कुंपणं नि पाण्याच्या टाक्यांमागच्या जागा धुंडाळून झाल्या होत्या. शेवटी परसाला लागून असलेल्या बंद दुकानाची मागची खिडकी किलकिली दिसली, म्हणून टाचा उंचावून तिने आत डोकं घातलं. आत एक तरुण जमिनीवर मांडी घालून बसला होता आणि तिच्या कोंबडीची समजूत काढत होता.

“तुमचं सगळं खरं,” तो अगदी अदबीने म्हणत होता, “पण खुर्ची माझी नाही हो. जज्जसाहेबांची आहे. त्यांना मी काय तोंड दाखवू?”

कोंबडीने अंगावरची पिसं फुलवली आणि घशातून असा काही आवाज काढला, की जज्जसाहेब स्वतः असते तरी दोन पावलं मागे सरकले असते.

“तिच्याशी वाद घालू नका,” ती खिडकीतूनच म्हणाली. “आमच्या घरात तिच्यापुढे कुणाचं काही चालत नाही.”

तो दचकून वळला… आणि हसला. हसणं आधी डोळ्यांत आलं नि मग ओठांवर, आणि ते पाहताना खिडकीच्या चौकटीवर टेकलेली आपली कोपरं खरचटली आहेत हे तिच्या लक्षातच आलं नाही.

ती गाडी चालवायला शिकवायची. शिकणाऱ्याच्या शेजारी बसून दिवसभर तिचा एकच जप चालायचा, म्हणून गल्लीने तिचं नाव ब्रेकताई ठेवलं होतं. कोंबडीचं नाव हेडबाई. परसातल्या बाकीच्या कोंबड्यांना ती रांगेत उभं करते असं आत्याचं म्हणणं होतं. आणि हा तरुण म्हणजे दुकानाच्या म्हाताऱ्या मालकाचा भाचा. सोफे नि खुर्च्या नव्याने भरून, शिवून द्यायचा त्यांचा पिढीजात धंदा होता. मामाची नजर गेली, दुकान मंदावलं, आणि भाचा आठवडाभर मोठ्या शहरात जाऊन एका कारखान्यात नोकरी पक्की करून आजच परतला होता. तेवढ्या आठवड्यात हेडबाईंनी खिडकीतून येऊन-जाऊन, स्प्रिंगा काढलेल्या त्या खुर्चीच्या पोटात, मऊ काथ्यावर, अंडी घातली होती आणि आता त्यांवर ठाण मांडलं होतं.

“खुडूक बसलीय,” ती पुढच्या दाराने आत येऊन, खुर्चीत वाकून म्हणाली. “आता पिल्लं काढल्याशिवाय उठायची नाही.”

“पण ही दुकानातली शेवटची खुर्ची आहे. एवढी शिवून दिली की कुलूप लावायचं, चावी मामाच्या हातात द्यायची आणि जायचं. हिला उचलून तुमच्याकडे ठेवली तर?”

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याच्या मनगटावर चोचीची ताजी लाल खूण होती. तरी खुर्चीपुढे पाण्याची वाटी होती, शेजारी मूठभर तांदूळ होते, आणि हातोडीचा आवाज नको म्हणून त्याने आपलं काम दूरच्या कोपऱ्यात मांडलं होतं. माणूस कसा आहे हे ती शिकणाऱ्याच्या पहिल्या वळणावर ओळखायची. हा वळणावर हळू होणारा होता, आणि असे फार नसतात.

“खुडूक कोंबडी हलवता येत नाही,” ती म्हणाली. “जागा बदलली की अंडी टाकून देते.”

हे खोटं होतं, आणि तेही धडधडीत. अंधार पडल्यावर कोंबडीला हळूच उचलून, अंड्यांसकट दुसरीकडे बसवलं तर तिला पत्ताही लागत नाही, हे तिला फ्रॉक घालायच्या वयापासून ठाऊक होतं. पण ती बोलून गेली, आणि बोलल्यावर तिला जराही वाईट वाटलं नाही.

“किती दिवस बसते?”

“तीन आठवडे धरून चाला.”

त्याने खुर्चीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मग खिशातून फोन काढला. जज्जसाहेबांना सांगितलं की काथ्या चांगला मिळत नाहीये. कारखान्याला सांगितलं की महिनाअखेरीला येतो. फोन ठेवताना त्याचा चेहरा सुट्टी मिळालेल्या मुलासारखा दिसत होता.

दुसरी कुणी कोंबडी येऊन त्याच खुर्चीत अंडं घालू नये… आणि घातलंच तर ओळखू यावं, म्हणून तिने पेन्सिलीने प्रत्येक अंड्यावर फुली मारली. दोघांनी कामंही वाटून घेतली. तिच्या शिकवण्या पहाटेपासून, म्हणून सकाळी हेडबाईंना उठवून खाऊ-पिऊ घालायचं काम त्याचं. संध्याकाळी तिने फक्त येऊन बघून जायचं.

बघायला खरं तर दोन मिनिटं पुरतात. पण ती तास-तास बसायची. तो तिला दाभण कसा धरायचा ते दाखवायचा, ती त्याला दिवसभरात कोण कुठल्या खांबावर आदळता आदळता वाचलं ते सांगायची. दुकानात काथ्याचा नि जुन्या लाकडाचा वास असायचा, आणि कधी बाहेर भुरभुर पाऊस असला की पत्र्यावरचा आवाज ऐकत दोघंही गप्प बसायची. ते गप्प बसणं तिला बोलण्याइतकंच आवडायला लागलं.

“तुम्ही जेवता काय हो?” एकदा तिने विचारलं. “चूल दिसत नाही कुठे.”

“काळजी वाटते?”

“आमच्या कोंबडीचा सांभाळ तुमच्याकडे आहे. तुम्ही चक्कर येऊन पडलात तर तिचं कोण बघणार?”

“म्हणजे काळजी कोंबडीची.”

“अर्थात,” ती म्हणाली, आणि तिचे कान गरम झाले.

पहिला आठवडा सरल्यावर एका संध्याकाळी तिने दुकानातला दिवा मालवला. काळ्या पुठ्ठ्याच्या नळीत बॅटरी धरून त्यावर एक अंडं टेकवलं. अंड्याच्या आत लाल दोऱ्यांची जाळी उजळली, आणि तिच्या मधोमध एक काळा ठिपका.

“दिसलं?”

तो इतका जवळ वाकला की त्याचा श्वास तिच्या बोटांवर आला.

“हललं ते,” तो हळूच म्हणाला. “अहो… खरंच हललं.”

बॅटरीच्या उजेडात त्याचा चेहरा तिला दिसत होता, आणि तो अंड्याकडे न बघता तिच्याकडेच बघत होता हेही दिसत होतं. काहीतरी बोलायला हवं म्हणून ती म्हणाली, की आता फार दिवस उरले नाहीत. त्याचं हसू मावळलं. दिवा लावायला तोच उठला, आणि मग पाठमोरा बसून शिवत राहिला.

घरी येऊन ती उशीत तोंड खुपसून स्वतःवरच चिडली. तिला तो आवडला होता; तिने ते स्वतःशी मान्यही करून टाकलं. जाऊ नको, एवढं म्हणायचं होतं. पण पक्की नोकरी, मोठं शहर… आणि एका कोंबडीच्या निमित्ताने झालेली ओळख. कुठल्या हक्काने म्हणायचं? दिवसभर दुसऱ्यांना हुकूम सोडणाऱ्या बाईला दोन शब्द जमेनात, याचा तिला भारी राग आला.

दुसऱ्या दिवसापासून तो आत्याकडे अंडी न्यायला येऊ लागला. आत्याचा जीव कळवळला. बिचारा एकटा, अंड्यांवर दिवस काढतोय, असं म्हणून ती त्याला त्या दिवशीची ताजी अंडी वेचून द्यायची.

मग एका सकाळी, बँकेतली एक क्लार्क थरथरत दुसरा गिअर टाकत असताना, ब्रेकताईचा फोन वाजला.

“अंड्यातून आवाज येतोय,” तो पलीकडून म्हणाला. “चिवचिव. मी काय करू?”

“काही करू नका. हात लावू नका. आले.” आणि क्लार्ककडे वळून ती म्हणाली, “आता तिसरा टाका. चौथाही टाका.” ती क्लार्क त्या दिवशी पहिल्यांदा खरी गाडी चालवायला शिकली.

दिवसभर पिल्लं निघत राहिली. एखाद्या अंड्याला आधी बारीक टोच पडायची, मग चीर, मग ओलं, वेडंविद्रं, डोळे मिटलेलं काहीतरी धडपडत बाहेर यायचं आणि तासाभरात पिवळाधमक गोंडा होऊन बसायचं. तो प्रत्येकाच्या वेळी श्वास रोखून धरायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी हेडबाई पहिल्यांदा आपणहून उठल्या, आणि पंखाखालची फौज घेऊन खुर्चीतून खाली उतरायची तयारी करू लागल्या. तेव्हा तिने टरफलं काढायला हात घातला… आणि तिच्या हाताला चार अख्खी अंडी लागली. एकावरही पेन्सिलीची फुली नव्हती.

“ही कुठून आली?”

तो हातातल्या दाभणाकडे बघत राहिला. तिने एक अंडं बॅटरीवर धरलं. आत लाल जाळी होती, जिवंत, निम्म्या वाटेवरची. ज्या दिवसापासून तो आत्याकडे अंडी न्यायला लागला त्या दिवसाची. तिला आतून आनंदाच्या उकळ्या फुटल्या, आणि त्याच क्षणी रागही आला.

“तुम्ही घातलीत.”

“निळ्या खडूने फुल्या मारल्या होत्या,” तो पुटपुटला. “पुसल्या वाटतं.”

“पुसणारच. कोंबडी रोज अंडी उलटीपालटी करते. का घातलीत?”

“मला वाटलं… खाली अंडी असतील तोवर ती बसेल.”

“आणि ती बसेल तोवर?”

त्याने दाभण खाली ठेवला. ती म्हणाली, “ती बसत नाही. पहिली पिल्लं चालायला लागली की त्यांना घेऊन निघते. मागून घातलेल्यांसाठी ती थांबत नसते. ही चार आता गार पडून मरतील.”

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याला हे खरंच ठाऊक नव्हतं. धावत जाऊन त्याने कापसाचं गाठोडं फोडलं, अंडी त्यात गुंडाळली, आणि दोन्ही हातांनी खोकं पोटाशी धरून तसाच बसून राहिला. ते बघून तिचा राग कुठल्या कुठे गेला. तिने आत्याला फोन लावला, कारण परसातली ठिपक्यांची कोंबडी दोन दिवस खुडूक होऊन फिरत होती.

अंधार पडल्यावर आत्या आली ती ठिपकीला काखोटीला मारूनच. कोंबडी पिशवीसारखी निमूट होती. आत्याने तिला गवताच्या खोक्यात बसवलं, कापसातली चारही अंडी एकेक करून तिच्या पोटाखाली सरकवली, आणि ठिपकीने दोनदा अंग हलवून डोळे मिटले.

“हलवलेली चालते तिला?” त्याने विचारलं.

“न चालायला काय झालं? अंधार पडला की खुडूक कोंबडी खुशाल कुठेही न्यावी,” आत्या म्हणाली. “हेडबाईलाही पहिल्याच दिवशी घरी नेणार होते मी. ही म्हणाली, राहू दे, जागा छान आहे.”

आत्याने भाचीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि आपल्याला दुधाची आठवण झाल्याचं सांगून हेडबाई, पिल्लं, ठिपकी सगळा संसार टोपल्यात नि खोक्यात भरून ती निघून गेली. जाताना दार मात्र तिने आठवणीने ओढून घेतलं.

मधे ती रिकामी खुर्ची होती.

“हलवता येत नाही म्हणाला होतात,” तो म्हणाला.

“खोटं बोलले.”

“पहिल्याच दिवशी?”

“पहिल्या पाच मिनिटांत.” लपवायला आता काही उरलं नव्हतं, त्यामुळे तिला फार मोकळं वाटत होतं. “तुम्ही निदान आठवडाभर थांबलात खोटेपणा करायला. मला तेवढा धीर नव्हता.”

तो हसला नाही. खुर्चीच्या हातावरून बोट फिरवत राहिला. मग सावकाश सांगू लागला, की कारखान्यात त्याला एकाच जागी उभं राहून दिवसभर फक्त सोफ्याचे हात शिवायचे आहेत. इथे काम थोडं मिळतं, पण अख्खी खुर्ची आपली असते. हे सगळं त्याला आधीपासून कळत होतं. पण इथे थांब म्हणणारं कुणी नव्हतं.

“कोंबडीच्या आडून पुरे झालं,” ती म्हणाली. “अंडी गेली, पिल्लं गेली, आता मधे कुणी नाही. मी म्हणते, जाऊ नको. माझ्यासाठी राहा. मला तू आवडतोस, आणि तू गेलास तर मला फार वाईट वाटेल. झालं माझं बोलून. आता तू काय ते सांग, आणि सरळ सांग.”

मग त्याने खिशातून फोन काढला, नंबर लावला, आणि तिला ऐकू जावं म्हणून मधल्या खुर्चीच्या हातावर ठेवला. कारखान्याचे मॅनेजर उत्साहात होते. राहायची खोली बघून ठेवली आहे म्हणाले.

“साहेब, मी येत नाही,” तो म्हणाला. शब्द एकही अडखळला नाही. “दुकान चालू ठेवतोय.”

मॅनेजर वैतागले. महिनाभर जागा धरून ठेवली होती, निदान कारण तरी सांगा, म्हणाले.

“लग्न करायचंय,” तो तिच्या डोळ्यांत बघत म्हणाला. “म्हणजे… तिला अजून विचारलं नाहीये. समोरच बसलीय.”

मग, आता मी काय समजायचं, असं काहीतरी मॅनेजर म्हणू लागले. तिने पुढे वाकून एका हाताने फोन जवळ ओढला आणि दुसऱ्या हाताने त्याचा हात धरला.

“ठरलंय असं समजा,” ती म्हणाली, आणि फोन बंद केला.